पदोन्नती (महाराष्ट्र शासकीय सेवा)

महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील कर्मचाऱ्यास किंवा अधिकाऱ्यास तो धारण करीत असलेल्या पदावरून अधिक जबाबदारीच्या, आणि सामान्यतः अधिक वेतनाच्या, पदावर नेमण्याच्या प्रक्रियेस पदोन्नती असे म्हणतात. बोलीभाषेत तिला बढती किंवा प्रमोशन म्हटले जाते. शासकीय सेवेतील पदोन्नती वरिष्ठांच्या मर्जीवर नव्हे, तर सेवाप्रवेश नियम, ज्येष्ठतासूची, विभागीय परीक्षा, कार्यमूल्यमापन अहवाल आणि आरक्षणाची बिंदुनामावली यांवर अवलंबून असते. पदोन्नती समितीची बैठक फार तर काही तास चालते. तिच्यासमोर येणारी कागदपत्रे मात्र मागील अनेक वर्षांत तयार झालेली असतात. त्यामुळे पदोन्नतीची शक्यता वाढविण्याचे किंवा गमावण्याचे बहुतेक प्रसंग बैठकीच्या पुष्कळ आधी येऊन गेलेले असतात.

संज्ञा आणि कायदेशीर स्वरूप

पदोन्नती मिळणे हा कर्मचाऱ्याचा हक्क नाही. मात्र पात्र असल्यास पदोन्नतीसाठी विचार होणे हा त्याचा हक्क आहे. हा भेद भारतीय सेवाविषयक न्यायशास्त्राचा पाया मानला जातो. अजित सिंग प्रकरणात (१९९९) सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, विचारक्षेत्रात येणाऱ्या पात्र कर्मचाऱ्याचा पदोन्नतीसाठी विचार होणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद १६(१) खालील मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट केले. पद रिक्त असूनही ते न भरण्याचा निर्णय शासन सयुक्तिक कारणाने घेऊ शकते. परंतु ते भरावयाचे ठरल्यास कनिष्ठाचा विचार करून पात्र ज्येष्ठास विचारातूनच वगळता येत नाही.

सेवाप्रवेश नियम अनुच्छेद ३०९ खाली केले जातात. कोणते पद किती प्रमाणात सरळसेवेने व किती प्रमाणात पदोन्नतीने भरावयाचे, खालच्या पदावर किती वर्षांची सेवा हवी, कोणती परीक्षा उत्तीर्ण हवी, हे सर्व या नियमांत असते. आपल्या संवर्गाचे सेवाप्रवेश नियम मुळातून वाचलेला कर्मचारी कार्यालयात क्वचितच आढळतो. बहुतेकांची माहिती आस्थापना शाखेतील सहकाऱ्यांच्या सांगण्यावर आधारलेली असते आणि ती नेहमीच अचूक असते असे नाही.

इतिहास

ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदी नोकरांसाठी १७९३ च्या सनद कायद्याने ज्येष्ठतेचे तत्त्व बांधून दिले. इलाख्यातील रिकाम्या जागा त्याच इलाख्यातील सनदी नोकरांतून भराव्यात असा हा दंडक होता. ब्रिटनमध्ये १८५४ च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालाने याच्या उलट भूमिका घेतली. केवळ वर्षे मोजून बढती दिल्यास आळशी व उद्योगी यांत भेद राहत नाही, म्हणून बढती गुणवत्तेवर द्यावी, अशी शिफारस त्यात होती. ज्येष्ठता आणि गुणवत्ता यांच्यातील हा वाद आजच्या पदोन्नती नियमांतही मिटलेला नाही.

हिंदी लोकांसाठी वरच्या जागा दीर्घकाळ बंद किंवा जवळपास बंद होत्या. १८६१ च्या कायद्याने महत्त्वाची पदे सनदी सेवेसाठी राखून ठेवली. सनदी सेवेत प्रवेश करणारे पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर यांची बहुतेक सेवा मुंबई इलाख्यात झाली. सुमारे तीन दशकांच्या नोकरीनंतर ते सातारा येथील जिल्हा न्यायाधीश या पदावरून निवृत्त झाले. १८८६ मध्ये नेमलेल्या एचिसन आयोगाच्या शिफारशींनंतर सेवांची वरिष्ठ, प्रांतिक व दुय्यम अशी विभागणी झाली. मामलतदार, अव्वल कारकून अशा मुंबई इलाख्यातील पदांच्या उतरंडीची छाया आजच्या महसूल विभागावर स्पष्ट दिसते.

पदांची साखळी

महसूल विभागात लिपिक पदावरून अव्वल कारकून, तर तलाठी पदावरून मंडळ अधिकारी आणि दोहोंकडून पुढे नायब तहसीलदार अशी साखळी परंपरेने चालत आली आहे. नायब तहसीलदारास तहसीलदार व पुढे उपजिल्हाधिकारी होता येते. मंत्रालयात लिपिक-टंकलेखक, सहायक कक्ष अधिकारी, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव असा क्रम आहे. पोलीस दलात शिपायापासून हवालदार, सहायक उपनिरीक्षक व उपनिरीक्षक असे टप्पे आहेत. मधला पोलीस नाईक हा टप्पा २०२२ मध्ये रद्द करण्यात आला, कारण टप्पे अधिक असल्याने अनेक शिपाई उपनिरीक्षक होण्याआधीच निवृत्त होत असत.

या साखळीत सर्वसाधारण पदोन्नतीखेरीज आणखी एक वाट असते. मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षा ही केवळ सेवेत असलेल्यांसाठी घेतली जाते आणि तिचा निकाल गुणांवर लागतो. पोलीस उपनिरीक्षकाच्या पदांचा काही हिस्सा अशा परीक्षेतून भरला जातो. ज्येष्ठतासूचीत तळाशी असलेल्या तरुण कर्मचाऱ्यास लवकर वर येण्याचा हाच खात्रीचा मार्ग आहे, कारण येथे वरच्यांच्या निवृत्तीची वाट पाहावी लागत नाही. परीक्षेची जाहिरात दरवर्षी येईलच याची शाश्वती मात्र नसते.

राज्य नागरी सेवेतील उपजिल्हाधिकाऱ्यांना भारतीय प्रशासकीय सेवेत पदोन्नती मिळू शकते. त्यासाठी १९५५ चे विनियम लागू आहेत. उपजिल्हाधिकारी वा समकक्ष पदावर किमान ८ वर्षांची सेवा आवश्यक असते. निवड समितीचे अध्यक्षपद संघ लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष किंवा सदस्य भूषवितात आणि उमेदवारांची सेवाभिलेखावरून 'उत्कृष्ट', 'अतिशय चांगला', 'चांगला' किंवा 'अयोग्य' अशी वर्गवारी होते. येथे वरची श्रेणी मिळविणारा कनिष्ठ ज्येष्ठाच्या पुढे जाऊ शकतो.

सेवाज्येष्ठता

पदोन्नतीतील सर्वांत निर्णायक कागद म्हणजे ज्येष्ठतासूची. महाराष्ट्रात ज्येष्ठतेचे विनियमन दीर्घकाळ १९८२ च्या नियमांनुसार होत असे. त्यांची जागा २०२१ च्या नियमांनी घेतली. संवर्गातील सलग सेवेची लांबी हा ज्येष्ठतेचा मूळ निकष आहे. नियम डावलून, तात्पुरती सोय म्हणून केलेल्या नेमणुकीचा काळ त्यात धरला जात नाही.

हा निकष आज सरळ वाटत असला तरी तो न्यायालयीन लढ्यांतून स्थिर झाला आहे आणि त्यातील दोन महत्त्वाचे निर्णय महाराष्ट्रातील अभियंत्यांच्या प्रकरणांत झाले. पाटबंधारे व बांधकाम खात्यांत उपअभियंता पदावर काहीजण थेट भरतीने येत, तर काहीजण खालून बढती घेऊन येत. बढती मिळालेल्यांना वर्षानुवर्षे स्थानापन्न ठेवले जाई आणि ज्येष्ठता कायम केल्याच्या दिनांकावरून मोजली जाई. परिणामी दहा वर्षे काम केलेला बढतीचा अधिकारी नव्याने आलेल्या थेट भरतीच्या अधिकाऱ्यापेक्षा कनिष्ठ ठरे. एस. बी. पटवर्धन प्रकरणात (१९७७) न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालपत्राद्वारे हा नियम घटनाबाह्य ठरविण्यात आला. कायम करणे हे प्रशासनाच्या सोयीवर अवलंबून असते, त्यावर कर्मचाऱ्याचे भवितव्य टांगता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. पुढे थेट भरतीच्या वर्ग दोनच्या अभियांत्रिकी अधिकाऱ्यांच्या संघटनेने महाराष्ट्र शासनाविरुद्ध केलेल्या प्रकरणात (१९९०) घटनापीठाने हे तत्त्व पक्के केले. नियमानुसार झालेल्या नेमणुकीत ज्येष्ठता नेमणुकीच्या दिनांकापासून धरावी, कायम केल्याच्या दिनांकापासून नव्हे, आणि केवळ तात्पुरत्या सोयीच्या नेमणुकीचा काळ मोजू नये, असे त्यात म्हटले आहे. हा निकाल देशभरातील न्यायाधिकरणांत आजही उद्धृत होतो.

व्यवहारात दर वर्षी १ जानेवारी रोजीची स्थिती दर्शविणारी तात्पुरती ज्येष्ठतासूची प्रसिद्ध करून हरकती मागविणे अपेक्षित असते. हरकतींचा निपटारा झाल्यावर सूची अंतिम होते. जन्मतारीख, नेमणुकीचा दिनांक, परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, जातीचा प्रवर्ग यांपैकी एखादी नोंद चुकीची असल्यास ती याच टप्प्यावर दुरुस्त करून घेता येते. 'सूची आली, वाचली, सही केली' एवढ्यावर थांबणाऱ्यांना चूक लक्षात येते ती कनिष्ठाच्या पदोन्नतीचा आदेश निघाल्यावर, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो. शिबा शंकर महापात्र प्रकरणात (२००९) सर्वोच्च न्यायालयाने, ज्येष्ठतासूचीस आव्हान देण्यासाठी ३ ते ४ वर्षे हा वाजवी कालावधी असून त्यानंतर स्थिर झालेली सूची विस्कटता येणार नाही, असे म्हटले. चूक खरी असली तरी झोपलेल्यास न्यायालय उठवीत नाही, असा याचा व्यावहारिक अर्थ आहे.

स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या जिल्ह्याच्या वा दुसऱ्या नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या आस्थापनेवर कायमची बदली घेतल्यास पूर्वीची ज्येष्ठता सामान्यतः सोडावी लागते आणि कर्मचारी नव्या सूचीत तळाशी जातो. वेतन व निवृत्तिवेतनासाठी आधीची सेवा धरली जाते, पदोन्नतीच्या क्रमासाठी नाही. जिल्हा परिषदांच्या शिक्षकांमध्ये आंतरजिल्हा बदलीचा हा परिणाम विशेष जाणवतो. पती-पत्नी एकत्रीकरणासाठी किंवा आजारी आईवडिलांजवळ राहता यावे म्हणून गावाकडे बदली घेणारे अनेकजण पंधरा-वीस वर्षांची ज्येष्ठता सोडून देतात. ज्येष्ठता सोडण्यास संमती असल्याचे लेखी त्यांच्याकडून घेतले जात असल्याने पुढे दाद मागण्यास फारसा वाव राहत नाही.

विभागीय परीक्षा

अनेक संवर्गांत पदोन्नतीसाठी विभागीय परीक्षा ठरावीक मुदतीत व ठरावीक संधींत उत्तीर्ण होणे बंधनकारक असते. महसूल विभागातील लिपिकांसाठी दुय्यम सेवा परीक्षा आणि अव्वल कारकून पदासाठी महसूल अर्हता परीक्षा या सुपरिचित आहेत. याखेरीज मराठी व हिंदी भाषा परीक्षा आणि संगणक अर्हता यांच्या अटी असतात. ठरावीक वयानंतर परीक्षेतून सूट मिळते, परंतु सूट मिळाल्याच्या दिनांकाआधीचा काळ भरून निघत नाही.

मुदतीत उत्तीर्ण न होण्याची किंमत नापास होण्यापुरती मर्यादित नसते. अनेक नियमांत अशा कर्मचाऱ्याची ज्येष्ठता मुदतीत उत्तीर्ण झालेल्यांच्या खाली जाते आणि ती नंतर उत्तीर्ण होऊनही परत मिळत नाही. निवडणुकीचे काम, टंचाई, पंचनामे अशा कारणांनी परीक्षेला न बसता आल्यास ती संधी वाया गेली असे न धरण्याबाबत त्याच वेळी लेखी विनंती केलेली असल्यास तिचा उपयोग होतो. तोंडी सांगितलेल्या कारणाची नोंद कोठेच राहत नाही.

कार्यमूल्यमापन अहवाल

पूर्वी ज्यास गोपनीय अहवाल म्हणत, त्यास आता कार्यमूल्यमापन अहवाल म्हणतात. बोलताना मात्र 'सीआर' हाच शब्द चालतो. अहवालाचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असते. कर्मचारी प्रथम स्वयंमूल्यमापन लिहितो, त्यावर प्रतिवेदन अधिकारी आपले मत व प्रतवारी नोंदवितो आणि पुनर्विलोकन अधिकारी ती तपासतो. एखाद्या अधिकाऱ्याने किमान तीन महिने काम पाहिलेले असल्याखेरीज त्याने अहवाल लिहू नये, असा संकेत आहे. बदल्यांच्या हंगामात प्रतिवेदन अधिकारी बदलून जातो, निवृत्त होतो आणि अहवाल कोरा राहतो. समितीपुढे सामान्यतः मागील पाच वर्षांचे अहवाल ठेवले जात असल्याने त्यांतील एखादा नसणे हेही नुकसानीचे ठरू शकते.

स्वयंमूल्यमापनाचा रकाना हा कर्मचाऱ्याच्या हातात असलेला जवळपास एकमेव रकाना आहे, आणि तोच सर्वांत निष्काळजीपणे भरला जातो. 'नेमून दिलेले काम वेळेत पूर्ण केले' या वाक्यातून प्रतिवेदन अधिकाऱ्यास काहीच मिळत नाही. किती प्रकरणे आली, किती निकाली काढली, किती जुनी थकबाकी वसूल झाली, कोणती अडचण होती, हे आकड्यांनिशी लिहिलेले असल्यास साधी प्रतवारी देणाऱ्यास तिचे कारण शोधावे लागते. पुढे प्रतवारीविरुद्ध अभिवेदन करावयाचे झाल्यास तोच मजकूर आधार म्हणून उपयोगी पडतो.

अहवाल कर्मचाऱ्यास कळविण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा देव दत्त निकाल (२००८) मूलभूत आहे. सीमा रस्ते संघटनेतील या कार्यकारी अभियंत्याच्या पदोन्नतीसाठी पाचही वर्षे 'अतिशय चांगला' शेरा आवश्यक होता. एका वर्षी 'चांगला' असा शेरा होता आणि तो त्यांना कळविलेला नव्हता. प्रतिकूल शेरेच कळवावेत असा तोवरचा प्रघात होता. परंतु 'चांगला' हा शेराही वर जाण्याची वाट अडवीत असेल तर तो कळविलाच पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. प्रत्येक नोंद कळविली जावी हे तत्त्व सुखदेव सिंग प्रकरणात (२०१३) तीन न्यायाधीशांच्या पीठाने कायम केले. केंद्र शासनाच्या सेवेत अहवाल मिळाल्यापासून १५ दिवसांत अभिवेदन करता येते.

या निकालाने कर्मचाऱ्यावर एक भारही टाकला. पूर्वी 'मला कळविलेच नव्हते' हे उत्तर पुरेसे होते. आता अहवाल बहुधा संगणकावर उघड होतो, आणि मुदतीत आक्षेप न घेतल्यास प्रतवारी मान्य असल्याचे गृहीत धरले जाते. आपल्या अहवालाची प्रत कर्मचाऱ्यास मिळते, मात्र स्पर्धेतील सहकाऱ्याचा अहवाल माहितीच्या अधिकारात मिळवणे कठीण आहे. कर्मचाऱ्यास दिलेली ज्ञापने, शिक्षेचे आदेश इत्यादी ही वैयक्तिक माहिती असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले आहे.

विभागीय पदोन्नती समिती

रिक्त होणाऱ्या पदांचा अंदाज घेऊन प्रशासकीय विभाग निवडसूचीचा प्रस्ताव तयार करतो. त्यासोबत अंतिम ज्येष्ठतासूची, अहवालांची प्रतवारी, परीक्षा उत्तीर्णतेचे पुरावे, चौकशीबाबतचे प्रमाणपत्र, मत्ता व दायित्वाचे विवरण, आणि राखीव बिंदूवरील उमेदवारांबाबत जात वैधता प्रमाणपत्र जोडले जाते. यांतील एक कागद कमी असल्यास प्रस्ताव परत जातो किंवा संबंधित नावापुढे 'कागदपत्रांच्या अधीन' असा शेरा पडतो. जात वैधता प्रमाणपत्र मिळण्यास लागणारा काळ पाहता, तो अर्ज पदोन्नतीचा विषय निघाल्यावर करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

निवडीचे दोन मुख्य प्रकार आहेत. 'ज्येष्ठता, अपात्रांस वगळून' या प्रकारात ज्येष्ठतम व्यक्ती अयोग्य नसल्यास तिलाच पदोन्नती मिळते. निवडीच्या पदांसाठी अहवालांची किमान प्रतवारी ठरलेली असते. केंद्र शासनाने २००२ मध्ये, ही किमान प्रतवारी गाठणाऱ्या सर्वांचा क्रम ज्येष्ठतेनुसारच ठेवण्याचे ठरविले. म्हणजे तेथे गुणवत्ता ही शर्यत राहिली नसून उंबरठा झाली आहे: तो ओलांडला की पुढचा क्रम पुन्हा नेमणुकीच्या दिनांकानेच लागतो. अशा पदासाठी 'उत्कृष्ट' शेरे जमविण्याच्या धडपडीपेक्षा एकही वर्ष उंबरठ्याखाली जाऊ न देणे अधिक महत्त्वाचे ठरते.

समितीची बैठक वेळेवर न होणे ही जुनी तक्रार आहे. पद रिक्त झाले म्हणून त्या दिवसापासून पदोन्नतीचा हक्क निर्माण होत नाही; ती सामान्यतः आदेशानंतर कार्यभार स्वीकारल्यापासून लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने अलीकडच्या काळातही म्हटले आहे. त्यामुळे फाइल दोन विभागांत फिरत असताना निवृत्त होणाऱ्याच्या हाती काही उरत नाही.

चौकशी व मोहोरबंद पाकीट

विभागीय चौकशी किंवा फौजदारी खटला प्रलंबित असलेल्या कर्मचाऱ्याबाबत समितीचा निष्कर्ष पाकिटात मोहोरबंद ठेवला जातो. निर्दोष सुटल्यास पाकीट उघडून कनिष्ठास मिळालेल्या दिनांकापासून पदोन्नती देतात. जानकीरामन प्रकरणात (१९९१) सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत केव्हा लागू होते त्याची सीमा आखून दिली: दोषारोपपत्र बजावले गेले असेल किंवा फौजदारी न्यायालयात आरोपपत्र दाखल झाले असेल तरच. प्राथमिक चौकशी, तक्रार अर्ज, वर्तमानपत्रातील बातमी यांवरून पदोन्नती रोखता येत नाही. पूर्णतः निर्दोष ठरलेल्यास 'काम नाही तर वेतन नाही' हे तत्त्व सरसकट लावता येणार नाही, असेही त्याच निकालात आहे, कारण काम करण्यापासून त्याला शासनानेच दूर ठेवलेले असते.

चौकशी वर्षानुवर्षे रेंगाळत असल्यास केंद्रात दोन वर्षांनंतर तदर्थ पदोन्नतीचा विचार करण्याची तरतूद आहे आणि राज्यातही तशा स्वरूपाचे धोरण आहे. तदर्थ पदोन्नतीने ज्येष्ठता मिळत नाही, पण वेतन मिळते.

पदोन्नतीतील आरक्षण

इंद्रा साहनी प्रकरणात (१९९२) पदोन्नतीत आरक्षण देता येणार नाही असे ठरल्यावर ७७ व्या घटनादुरुस्तीने (१९९५) अनुच्छेद १६(४अ) समाविष्ट झाला आणि ८५ व्या दुरुस्तीने (२००१) आनुषंगिक ज्येष्ठतेची तरतूद झाली. नागराज प्रकरणात (२००६) या दुरुस्त्या वैध ठरल्या, मात्र अपुऱ्या प्रतिनिधित्वाची आकडेवारी व प्रशासनाची कार्यक्षमता यांच्या अटी घालण्यात आल्या. जर्नेलसिंग प्रकरणात (२०१८) अनुसूचित जाती-जमातींच्या मागासलेपणाची आकडेवारी गोळा करण्याची अट काढून टाकण्यात आली. २०२२ मध्ये प्रतिनिधित्वाची आकडेवारी संवर्गनिहाय असावी असे सांगण्यात आले.

महाराष्ट्राच्या २००१ च्या आरक्षण अधिनियमात अनुसूचित जाती-जमातींबरोबरच विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासही पदोन्नतीत आरक्षण होते. त्यावर आधारित २५ मे २००४ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरविला. शासनाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीची सर्व पदे २५ मे २००४ रोजीच्या ज्येष्ठतेनुसार भरण्याचे ठरले आणि त्यावरून राज्यात मोठा वाद झाला. या काळात दोन्ही बाजूंच्या हजारो कर्मचाऱ्यांचे पदोन्नती आदेश 'न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहून' या वाक्यासह निघाले.

दिव्यांग कर्मचाऱ्यांबाबत २०१६ च्या अधिनियमाने केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून पदोन्नती नाकारण्यास मनाई केली आहे. स्त्रियांच्या बाबतीत सी. बी. मुथम्मा प्रकरण (१९७९) उल्लेखनीय आहे. परराष्ट्र सेवेतील या पहिल्या महिला अधिकाऱ्याने पदोन्नती नाकारल्याविरुद्ध दाद मागितली. प्रकरण चालू असतानाच त्यांना पदोन्नती मिळाली, तरी विवाहित स्त्रियांविरुद्धच्या सेवानियमांवर न्या. कृष्ण अय्यर यांनी कठोर टीका केली.

पदोन्नती स्वीकारणे व नाकारणे

गट 'अ' व 'ब' मधील पदोन्नतीबरोबर महसुली विभाग वाटप होते आणि कोकणात घर असलेल्यास अमरावती किंवा नागपूर विभागात रुजू व्हावे लागू शकते. मुलांच्या शाळा, घराचे कर्ज, वृद्ध आईवडील अशा कारणांनी अनेकजण पदोन्नती नाकारतात. नाकारल्यास निवडसूचीतून नाव कमी होते आणि ठरावीक काळ पुन्हा विचार होत नाही. केंद्रात हा काळ एक वर्षाचा आहे. मधल्या काळात वर गेलेले कनिष्ठ वरच्या पदावर कायमचे ज्येष्ठ होतात. नकाराचा परिणाम आश्वासित प्रगती योजनेच्या लाभावरही होतो, ही बाब नकारपत्र लिहिताना सहसा लक्षात घेतली जात नाही.

स्वीकारल्यास वेतननिश्चितीचा विकल्प महिन्याच्या आत द्यावा लागतो: पदोन्नतीच्या दिनांकापासून, किंवा खालच्या पदावरील पुढील वेतनवाढीच्या दिनांकापासून. चुकीच्या विकल्पाचा फरक निवृत्तिवेतनापर्यंत पोहोचतो.

आश्वासित प्रगती योजना

पदे कमी आणि कर्मचारी अधिक असल्याने अनेकांना संपूर्ण सेवेत एकही पदोन्नती मिळत नाही. या कुंठिततेवर उपाय म्हणून महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ पासून कालबद्ध पदोन्नती योजना लागू झाली, जिच्यात १२ वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी मिळे. २००१ मध्ये तिची जागा सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेने घेतली. पुढे २४ वर्षांनंतरचा दुसरा लाभ आला आणि १ जानेवारी २०१६ पासून १०, २० व ३० वर्षांनंतर असे तीन लाभ देण्यात आले. यात वेतन वाढते, पदनाम व अधिकार तेच राहतात. पदोन्नतीची पात्रता पूर्ण केलेली असणे ही येथेही अट असल्याने विभागीय परीक्षा टाळून हा लाभ मिळेल ही समजूत चुकीची आहे.

डावलले गेल्यास

प्रथम विभागाकडे लेखी अभिवेदन करावे लागते. त्यानंतर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाता येते. १९८५ च्या अधिनियमाखाली १९९१ मध्ये स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे कामकाज मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे चालते. अंतिम आदेशापासून एक वर्ष ही मुदत आहे. अभिवेदनास उत्तरच न आल्यास सहा महिने थांबून त्यापुढील एक वर्षात अर्ज करता येतो. स्मरणपत्रे पाठवीत राहिल्याने मुदत वाढत नाही. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येते, हे एल. चंद्रकुमार निकालाने (१९९७) स्पष्ट झाले आहे.

अन्याय झाल्याचे सिद्ध झाल्यास 'मानीव दिनांक' दिला जातो, म्हणजे कनिष्ठास पदोन्नती मिळाली त्या दिवसापासून संबंधितास ती मिळाली असे मानले जाते. ज्येष्ठता व वेतननिश्चिती त्यानुसार होते; प्रत्यक्ष थकबाकी मिळेलच असे नाही.

खाजगी शाळांतील शिक्षक

अनुदानित खाजगी शाळांतील कर्मचारी शासकीय कर्मचारी नसले तरी त्यांची पदोन्नती १९७७ चा अधिनियम व १९८१ ची नियमावली यांनी बांधलेली आहे. मुख्याध्यापकपद अटी पूर्ण करणाऱ्या व समाधानकारक सेवाभिलेख असलेल्या ज्येष्ठतम शिक्षकास द्यावे लागते. अल्पसंख्याक संस्थांना यातून मोकळीक आहे. ज्येष्ठता अनुसूची 'फ' नुसार ठरते आणि तेथे नोकरीच्या वर्षांइतकेच पात्रतेच्या दिनांकाला महत्त्व आहे. माध्यमिक शाळेत पदविकेवर आधी रुजू झालेला शिक्षक बी.एड. होईपर्यंत प्रशिक्षित पदवीधरांच्या प्रवर्गात येत नाही. त्यामुळे नंतर लागलेला पण आधी बी.एड. झालेला सहकारी त्याच्यापेक्षा ज्येष्ठ ठरू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये याच अर्थाचा निर्णय दिला. संस्थेने ज्येष्ठास डावलून दुसऱ्यास पदोन्नती दिल्यास शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते.